फायबर सेन्सरचा डब्बा आठ महिने वापरला, त्याबद्दल

पहिल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर पाचपैकी पाच स्टार दिले असते, दुसऱ्या महिन्यात बसलो असतो तर दीड. आता आठ महिने झालेत, कौतुकही ओसरलंय आणि रागही निवळलाय, त्यामुळे चार देतोय. एक कापला तो नेमका कशासाठी, हे सांगायला हा सगळा पसारा मांडलाय, वेळ असेल तर वाचा.

आधी घेतलं काय ते. फायबर ब्रॅग ग्रेटिंग वाचणारा चार चॅनलचा इंटरोगेटर (आम्ही सगळे त्याला डब्बाच म्हणतो), एकाच फायबरवर आठ टेंपरेचर सेन्सर असलेली एक माळ, पाच स्ट्रेन सेन्सरची (स्ट्रेन म्हणजे ताण, वस्तू किती लांबली त्याचं माप) दुसरी माळ, दोन-चार पॅचकॉर्ड (जोडायच्या छोट्या फायबर केबल) आणि सॉफ्टवेअर. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण खाली बऱ्याच तक्रारी आहेत आणि त्यातल्या निम्म्या तरी माझ्याच मूर्खपणाच्या निघाल्या, उगाच कोणाचं नाव खराब कशाला. तसंही मी जे सांगणारे ते जवळपास कुठल्याही अशा डब्याला लागू पडेल.

घेतलं का, तर इंडक्शन हीटिंगच्या कॉइलपायी, म्हणजे तारेच्या वेटोळ्याच्या चुंबकीय फील्डने धातू तापवतात ती. कॉइलच्या आजूबाजूला किती तापतंय हे आम्हाला सात-आठ जागी मोजायचं होतं. के टाइप थर्मोकपल (दोन धातूंच्या तारा जोडलेला, तापला की किंचित व्होल्टेज देणारा सेन्सर) लावून बघितले. पॉवर बंद असताना एकदम गुणी बाळ, पॉवर चालू केली की आकडे माकडासारखे उड्या मारणार. त्यात चूक कोणाची नाही, के टाइप एका डिग्रीला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट देतो, म्हणजे व्होल्टचा दशलक्षावा भाग घ्या आणि असे एक्केचाळीस, आणि शेजारी शेकडो अँपिअरची कॉइल घणघणतेय. वायर ट्विस्ट करून बघितली, शील्ड केली, फिल्टर लावले, अर्थिंग तीन वेळा बदललं. वर परत थर्मोकपल स्वतःच धातूचा, त्यामुळे तो त्या फील्डमध्ये स्वतःच थोडा तापतो, मग आपण नक्की कोणाचं तापमान मोजतोय हाच प्रश्न. शेवटी एकजण म्हणाला की वायरच नको, काच वापरा. काचेला फील्डशी काही देणंघेणं नाही.

आता हे चालतं कसं ते थोडक्यात सांगतो, कारण हे समजलं नसेल तर पुढच्या तक्रारी कळणार नाहीत. फायबर म्हणजे नेहमीचाच, टेलिकॉममध्ये असतो तो, काच बाहेरून १२५ मायक्रॉन आणि मधला गाभा साधारण ९ मायक्रॉन. त्या गाभ्यावर अल्ट्राव्हायोलेट प्रकाशाने बारीक पट्टे उमटवतात, पट्टे म्हणजे काचेचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स (काच प्रकाशाला किती मंदावते ते) किंचित जास्त, किंचित कमी, किंचित जास्त असा. दोन पट्ट्यांत अंतर अर्धा मायक्रॉनच्या जरा वर आणि सगळी ग्रेटिंग मिळून सेंटीमीटरभर लांब. आता फायबरमध्ये सगळ्या रंगांचा प्रकाश सोडला की (रंग म्हणजे इन्फ्रारेडमधले हां, डोळ्याला काहीच दिसत नाही) ही ग्रेटिंग त्यातली एकच तरंगलांबी परत पाठवते, बाकी सगळं पुढे जाऊ देते. फायबर ताणला किंवा तापला की पट्ट्यांमधलं अंतर आणि इंडेक्स बदलतो आणि परत येणारी तरंगलांबी सरकते. झालं. डब्बा ती सरक मोजतो. पुढच्या सेन्सरचे पट्टे जरा वेगळ्या अंतराने काढायचे, मग तो वेगळ्या तरंगलांबीला उत्तर देतो, आणि अशी अख्खी माळ एका केसाएवढ्या दोऱ्यावर बसते.

ब्रॅग हे नाव बापलेकांचं, क्ष-किरण आणि स्फटिकांवरच्या कामासाठी दोघांना मिळून १९१५ चं नोबेल मिळालं तेव्हा मुलगा २५ वर्षांचा होता. फायबरमध्ये मात्र हे प्रकरण १९७८ मध्ये कॅनडात केन हिल आणि मंडळींना जवळपास अपघाताने सापडलं, लेसर सोडून ठेवला तर परत येणारा प्रकाश हळूहळू वाढतच चालला, म्हणजे लेसरने काचेत स्वतःच ग्रेटिंग कोरली होती. बाजूने अल्ट्राव्हायोलेट मारून हव्या त्या तरंगलांबीची ग्रेटिंग काढायची पद्धत १९८९ ची. हे सगळं मी डब्बा येईपर्यंतच्या वाट बघण्यात वाचून काढलं, डिलिव्हरी तेवढी लांबली होती.

आता मुद्दा, आणि हा मला कोणी आधी ठणकावून सांगितला असता तर दोन महिने वाचले असते. हा डब्बा तापमान मोजत नाही. ताणही मोजत नाही. हा फक्त तरंगलांबी मोजतो, १५५० नॅनोमीटरच्या आसपास, एका पिकोमीटरपर्यंत (नॅनोमीटरचा हजारावा भाग), आणि ते काम इतकं झकास करतो की नाव ठेवायला जागा नाही. त्या पिकोमीटरचं पुढे डिग्री किंवा मायक्रोस्ट्रेन होणं हे सगळं तुमच्या गोंदावर, तुमच्या बसवण्यावर आणि तुमच्या हिशोबावर. ब्रोशरमध्ये हे एका बारीक ओळीत असतं.

दोन आकडे पाठ करून ठेवा. १५५० ला मोकळ्या ग्रेटिंगचं सरकणं एका डिग्रीला साधारण १० पिकोमीटर, आणि एका मायक्रोस्ट्रेनला साधारण १.२ पिकोमीटर. मायक्रोस्ट्रेन म्हणजे एक मीटर पट्टी एक मायक्रॉनने लांबली तर ते. म्हणजे बघा, एक डिग्री बदलली की डब्याला वाटतं आठेक मायक्रोस्ट्रेन ताण आला, आणि डब्याला दोघांतला फरक कळायचा काही मार्गच नाही.

आधी चांगलं सांगतो. टेंपरेचरची माळ बर्फाच्या पाण्यात घातली, मग उकळत्या पाण्यात, मग मध्ये चार-पाच ठिकाणी बाथ स्थिर करून शेजारी पीटी हंड्रेड (प्लॅटिनमचा भरवशाचा तापमान सेन्सर) ठेवून ताडून बघितली. कंपनीने प्रत्येक ग्रेटिंगचे कॅलिब्रेशनचे आकडे दिलेत, वर्गाच्या पदासकट, कारण हे सरकणं एकदम सरळ रेषेत नसतं, जास्त तापमानाला डिग्रीमागे जास्त सरकतं आणि खूप थंडीत तर जवळपास सरकायचंच बंद होतं. सगळ्या आठ जणांनी पीटी हंड्रेडशी अर्ध्या डिग्रीच्या आत जुळवून घेतलं, त्यातल्या सहा जणांनी तर पाव डिग्रीच्या आत. मी अजून काय मागणार.

आणि मग कॉइलजवळ नेली. पॉवर ऑन केली आणि स्क्रीनवरच्या रेषा सरळच्या सरळ, एक उडी नाही, एक काटा नाही, शेजारी जुना थर्मोकपल मुद्दाम लावून ठेवला होता तो नेहमीसारखा पिसाळलेला. आम्ही तिघं पाच मिनिटं नुसते बघत उभे होतो. तेव्हा लिहायला हवं होतं, पाच स्टार.

दोन दिवसांनी लक्षात आलं की कॉइलच्या अगदी जवळचे दोन सेन्सर जरा जास्तच तापमान दाखवतायत. पॉवर बंद केल्या केल्या ते धपकन खाली येत होते, बाजूची वस्तू एवढ्या लवकर थंड होणं शक्यच नाही. डोकं खाजवून खाजवून मग माळ हातात घेऊन नीट बघितली तर काय, फायबर काचेचा, पण प्रत्येक ग्रेटिंग बसवलीये स्टेनलेस स्टीलच्या बारीक नळीत! म्हणजे कॉइल त्या नळीलाच तापवतेय, आणि आतली ग्रेटिंग इमानेइतबारे नळीचं तापमान सांगतेय. ऑर्डर देताना आम्ही इंडक्शन हा शब्द मेलमध्ये तीन वेळा लिहिला होता. कंपनीचं उत्तर आलं की हे स्टँडर्ड पॅकेज आहे, सिरॅमिक नळीचं वेगळं सांगावं लागतं. अर्धा स्टार इथे गेला. तुम्ही कोणी इंडक्शन, मायक्रोवेव्ह, एमआरआय वगैरेजवळ वापरणार असाल तर पहिला प्रश्न हा विचारा की माळेत धातूचा एक कण तरी आहे का, आणि उत्तर लेखी घ्या.

तसं बघितलं तर अशा जागी निव्वळ तापमान आणि तेही एक-दोनच ठिकाणचं हवं असेल तर ग्रेटिंगच लागते असं नाही. फायबरच्या टोकाला गॅलियम आर्सेनाइडचा बारीक स्फटिक लावलेले सेन्सर येतात, तापमानाप्रमाणे त्या स्फटिकाची प्रकाश शोषायची कड सरकते, किंवा टोकाला फॉस्फर लावलेले येतात ज्याची चमक किती लवकर विझते त्यावरून तापमान काढतात. मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमध्ये हे असले वापरतात. त्यांना ताणाचं काही पडलेलं नसतं ही त्यांची मोठी सोय. पण एका टोकाला एकच सेन्सर, आठ जागा म्हणजे आठ फायबर. आम्हाला माळ हवी होती.

आता स्ट्रेनची माळ. इथे माझे दोन महिने गेले.

साधी परीक्षा घ्यायची ठरवली. ३० मिलिमीटर रुंद, ५ मिलिमीटर जाड स्टीलची पट्टी, एक टोक व्हाइसमध्ये करकचून, सेन्सरपासून ३०० मिलिमीटरवर १ किलोचं वजन टांगायचं. कॉलेजातलं गणित, पृष्ठभागावर साधारण ११८ मायक्रोस्ट्रेन यायला हवा. बाजूलाच नेहमीचा फॉइलचा स्ट्रेन गेज (ताणला की विजेचा रेझिस्टन्स बदलणारी धातूची पातळ पट्टी) चिकटवला, साक्षीदार म्हणून.

पहिल्यांदा फायबर चिकटवला तो आपल्या इन्स्टंट ग्लूच्या एका मोठ्या थेंबाने, वर अजून एक थेंब, कशाला रिस्क. वजन टांगलं, स्ट्रेन गेज ११७, फायबर ९४. वजन तसंच ठेवून जेवून आलो तर फायबर ८८ वर उतरलेला. गेज जागचा हलला नव्हता. म्हणजे पट्टी ताणलेलीच आहे, पण जाड मऊ गोंदाचा थर मधल्या मध्ये ताण खातोय आणि हळूहळू सैल पडतोय. दुसऱ्यांदा एपॉक्सीने केलं, तेव्हा गोंद वाळताना कुठे जास्त कुठे कमी आकसला आणि ग्रेटिंगवरून परत येणाऱ्या प्रकाशाचा एक शिखर असलेला सुंदर ग्राफ दोन शिंगांचा झाला, डब्बा कधी हे शिंग पकडणार कधी ते, आकडा ५०-६० पिकोमीटरने मागेपुढे. तिसऱ्यांदा कंपनीच्या सपोर्टवाल्यांना फोन लावला. इथे मात्र त्यांचं कौतुक, पलीकडचे गृहस्थ अर्धा तास व्हिडिओ कॉलवर बसले. जागा सँडपेपरने घासा, अ‍ॅसिटोनने पुसा, मग आयसोप्रोपिलने पुसा, मग बोट लावू नका, फायबरला हलका ताण देऊन टेपने धरा, एपॉक्सी इतका पातळ की फायबर त्यात बुडला पाहिजे पण पोहला नाही पाहिजे, आणि घाई न करता सांगितलेल्या तापमानाला सांगितलेला वेळ ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फायबरचं कोटिंग कुठलं ते बघा. साधं अ‍ॅक्रिलेटचं कोटिंग जाड आणि मऊ असतं, काच आतल्या आत घसरते, ८५ डिग्रीच्या आसपास त्याची हद्द संपते. स्ट्रेनला पॉलिइमाइडचं हवं, पातळ आणि कडक, ३०० डिग्रीपर्यंत टिकतं. आमची माळ पॉलिइमाइडचीच होती, तेवढं नशीब. चौथ्या वेळी ११६. त्या दिवशी चहा माझ्याकडून.

पण आनंद एक रात्र टिकला. सकाळी येऊन बघतो तर पट्टीवर वजन नाही आणि फायबर म्हणतोय ६० मायक्रोस्ट्रेन. स्ट्रेन गेज शून्याच्या आसपास. खोली रात्रीपेक्षा ३ डिग्रीने गरम होती एवढाच काय तो फरक. मी म्हटलं ठीक आहे, तापमानाचा परिणाम, त्यासाठीच तर सॉफ्टवेअरमध्ये कॉम्पेन्सेशन, म्हणजे तापमानाचा परिणाम वजा करायची सोय आहे. शेजारी एक मोकळा टेंपरेचर सेन्सर ठेवला, सॉफ्टवेअरला सांगितलं की ह्याचं बघून वजा कर. केलं वजा. तरी ३५ राहिले! दुपारभर मी कंपनीला शिव्या घालत होतो, मेलचा मसुदासुद्धा लिहून झाला होता, बरा लांबलचक.

मेल पाठवला नाही ते बरं झालं. ते ३५ खरे होते. स्टील एका डिग्रीला दशलक्षात १२ भाग लांबतं, काच दशलक्षात जेमतेम अर्धा भाग. ३ डिग्री वाढली म्हणजे पट्टी खरोखरच ३५-३६ मायक्रोस्ट्रेनने लांबली आणि तिला चिकटलेल्या फायबरला सोबत ओढून घेऊन गेली. मोकळ्या फायबरचे डिग्रीला १० पिकोमीटर असतात, स्टीलला चिकटवल्यावर ते साधारण २४ होतात, अ‍ॅल्युमिनियमला चिकटवा, ३७ च्या घरात जातील. मग साक्षीदार गप्प का होता? कारण फॉइलचा गेज स्टीलसाठीचा घेतला तर त्याचा धातूच असा निवडलेला असतो की स्टीलचं हे फुगणं तो कापून टाकतो, फॅक्टरीतूनच. आपण वर्षानुवर्षं गेज चिकटवतो आणि तो बिचारा हे काम मुकाट्याने करतो हे कधी जाणवलंच नव्हतं. फायबर असलं काही करत नाही, त्याला दिसतं ते सगळं सांगतो, वजनाचा ताण किती आणि गरमीचा किती ते तुम्ही वेगळं करा.

उपाय सोपा निघाला. त्याच पट्टीचा एक तुकडा कापला, त्यावर तसाच चिकटवून दुसरी ग्रेटिंग, तुकडा मोकळा शेजारी ठेवून दिला. त्याला वजन नाही पण गरमी तीच, स्टील तेच, गोंद तोच. तुकड्यावरच्या ग्रेटिंगचं सरकणं पट्टीवरच्या ग्रेटिंगच्या सरकण्यातून वजा. सकाळ-संध्याकाळ आता २-३ मायक्रोस्ट्रेनच्या वर हलत नाही. पण त्यासाठी पाचपैकी एक ग्रेटिंग गेली ना, म्हणजे पाच घेतले तर चार वापरायला मिळाले असं समजायचं. सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये कॉम्पेन्सेशनचं पान आहे, अर्धं पान, त्यात चिकटवलेल्या वस्तूच्या प्रसरणाचा एक शब्द नाही. उरलेला अर्धा स्टार इथे.

सॉफ्टवेअरचंच निघालंय तर ते पण उरकतो. दिसायला बरं आहे, सीएसव्ही फाइल निघते, वेळ नीट नोंदवतं, एक-दोनदाच हँग झालं. एक मोठी गोची आहे ती माळ ऑर्डर करताना लक्षात ठेवायची. डब्बा १५१० ते १५९० बघतो, म्हणजे ८० नॅनोमीटरच्या रस्त्यावर सगळे सेन्सर रांगेत उभे करायचे. सॉफ्टवेअर सेन्सरला ओळखतं ते फक्त रस्त्यावर कितवा उभा आहे त्यावरून. आता २०० डिग्रीचा फरक पडला तर एक ग्रेटिंग दोन नॅनोमीटरहून जास्त सरकते, आणि शेजारची थंड जागी असेल तर ती तिथेच. दोघांत अंतर कमी ठेवलं असेल तर एक दुसरीवर चढते आणि मग चौथ्या सेन्सरचं तापमान पाचव्याच्या नावावर. आमच्याकडे असं झालं नाही कारण आठजणांत ऐसपैस अंतर आहे, पण एका ओळखीच्यांच्या माळेत वीस सेन्सर कोंबलेत आणि त्यांचा दर महिन्याला हा घोळ चालू असतो. ताण २००० मायक्रोस्ट्रेनपर्यंत जाणार असेल तर त्याचेही अडीच नॅनोमीटर धरा, आणि दाबाचे उलट्या बाजूला तेवढेच.

एक गोष्ट मात्र ह्या जातीच्या सेन्सरची मला फार आवडली. माहिती प्रकाशाच्या रंगात असते, उजेड किती आहे त्यात नसते. कनेक्टर थोडा मळला, केबल कुठे जरा जास्त वाकली, प्रकाश निम्मा झाला, तरी आकडा तोच राहतो. एकदा साफसफाई करणाऱ्याने केबलवर खुर्ची ठेवली होती, सिग्नलची पातळी धाडकन पडलेली दिसली, तापमानाची रेष मात्र हललीसुद्धा नाही. अर्थात अती झालं की शिखरच दिसेनासं होतं आणि मग काहीच मिळत नाही.

कनेक्टरवरून आठवलं, हिरवे कनेक्टर म्हणजे एपीसी, टोक ८ अंश तिरकं घासलेलं, जेणेकरून टोकावरून उडालेला प्रकाश परत डब्यात जाऊ नये. आमच्या इथे एका उत्साही माणसाने कपाटातली निळ्या टोकाची साधी पॅचकॉर्ड त्यात खुपसली. बसते, बसतच नाही असं नाही, पण दोन काचा एकमेकींना नीट टेकत नाहीत आणि टोकं खराब होतात ती वेगळी. निळ्या सगळ्या पॅचकॉर्ड आता दुसऱ्या खोलीत. आणि प्रत्येक वेळी जोडण्याआधी पुसायचं, प्रत्येक वेळी म्हणजे प्रत्येक वेळी, ९ मायक्रॉनच्या गाभ्यासमोर धुळीचा एक कण म्हणजे दारात उभा केलेला ट्रक. हां, आणि टोकात डोळा लावून प्रकाश येतोय का ते बघायचं नाही, दिसणार काहीच नाही आणि डोळा जायचा.

काँक्रिटचा प्रयोग पण केला. अर्ध्या मीटरचा ठोकळा ओतला, सळईला बांधून तीन सेन्सर आत, कोपऱ्यात, मध्ये, पृष्ठभागाजवळ. सिमेंट आणि पाण्याच्या क्रियेत उष्णता निघते हे पुस्तकात माहीत असतं, पण पहिल्या दिवसात मधल्या सेन्सरची रेष चढत चढत गेली आणि कडेची मागे राहिली ते डोळ्याने बघायला मजा आली, ह्या दोघांतला फरकच पुढे तडे पाडतो. एक सेन्सर गमावला. आत काही नाही झालं, फायबर जिथे काँक्रिटमधून बाहेर येतो तिथे, फॉर्मवर्क (ओतायचा साचा) काढताना, कट्. सगळे सांगतात की तिथेच तुटतो आणि तरी सगळ्यांचा तिथेच तुटतो. बाहेर येण्याच्या जागी जाड नळी घाला आणि आतही उघडा फायबर टाकू नका, काँक्रिट अल्कलीयुक्त असतं, महिनोन्‌महिने राहिलं की कोटिंगला आणि काचेलाही खातं. तुटलेलं जोडायला फ्युजन स्प्लायसर (काचेची टोकं वितळवून जोडणारं यंत्र) लागतो, तो आमच्याकडे नाही, उसना आणावा लागतो, पण ठोकळ्याला चिकटून तुटलेला फायबर जोडायला टोक तरी कुठे राहतं.

मध्ये एका विक्रेत्याने दुसऱ्या प्रकारचा डब्बा आठवडाभर वापरायला दिला होता, त्याचंही दोन शब्द. त्यात ग्रेटिंग वगैरे काही नाही, साधा फायबर लावायचा, अख्खा फायबरच सेन्सर. प्रकाशाचा झटका सोडायचा आणि वाटेतल्या प्रत्येक जागेवरून मागे येणारा अगदी क्षीण रमण प्रकाश मोजायचा, हो, तेच आपले सी. व्ही. रमण, २८ फेब्रुवारी १९२८ वाले. त्यातला कमी तरंगलांबीचा भाग तापमानाबरोबर वाढतो, जास्त तरंगलांबीचा फारसा नाही, दोघांच्या गुणोत्तरावरून तापमान, आणि प्रकाशाला परत यायला किती वेळ लागला त्यावरून जागा. फायबरात प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन येऊन एका मीटरला १० नॅनोसेकंद. दोन किलोमीटरच्या रीळभर मीटरमीटरचं तापमान बघून मी हरखूनच गेलो. मग खोडी म्हणून २० सेंटीमीटर फायबर ६० डिग्रीच्या पाण्यात बुडवला. खोली २५ ला. डब्बा म्हणतो ३२. परत बुडवला, ३३. मग तीन मीटर गुंडाळी करून बुडवली, बरोब्बर ६०. कारण त्याची नजर एक मीटरची, मीटरभरात जे काय गरम-गार असेल त्याची सरासरी काढून सांगतो, वीस सेंटीमीटरचा चटका त्यात विरघळून जातो. बोगदा, लांब केबल, पाइपलाइनची गळती, आग लागली का बघायला असल्या कामांना तो हवा. आमच्या कॉइलला त्याचा काडीचा उपयोग नाही. परत केला.

बरेचजण विचारतात म्हणून सांगतो, घ्यावं का. एक-दोन जागी तापमान हवंय, विजेचा गोंधळ नाही, तर पीटी हंड्रेड लावा आणि घरी जा. चार दिवसांच्या टेस्टसाठी दोन-तीन जागी ताण हवाय तर फॉइलचा गेज, आपलं सगळ्यांचं आयुष्य त्यात गेलंय. पण मोठी कॉइल, हाय व्होल्टेज, ठिणगी चालणार नाही अशी जागा, किंवा एका दोऱ्यावर दहा-वीस जागा आणि वर्षानुवर्षं तिथेच ठेवायचं असेल तर ह्याला तोड नाही. घेताना बजेटमध्ये डब्बा आणि माळ एवढंच धरू नका, कनेक्टरचं टोक तपासायचा मायक्रोस्कोप, पुसायचं सामान, जास्तीच्या दोन ग्रेटिंग आणि चिकटवायला शिकण्यात वाया जाणारी एक अख्खी माळ पण धरा. मी गंमत करत नाहीये, पहिली माळ शिकण्यात जातेच.

सिरॅमिक नळीवाली नवीन माळ कालच आली. खोका उघडून आधी चुंबक फिरवला, मग आठवलं की स्टेनलेसच्या नळीलाही बरेचदा चुंबक लागत नाही, मग भिंग घेऊन बसलो. सात सेन्सर स्वच्छ आहेत. आठव्याच्या टोकाला काहीतरी चकाकतंय, फोटो काढून पाठवलाय, उत्तर आलं की इथेच लिहितो.